शिजलं की लगेच काढा

मी लोखंडाची कढई बोलतेय. काळी आहे, जड आहे, त्याची मला लाज नाही. गोडगोड बोलणं मला जमत नाही.

लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं. घणाचे ठोके अजून पोटावर दिसतात. या घरात मी पुष्कळ रांधलं. मग ओट्यावर हलकी, न चिकटणारी भांडी आली आणि मला माळ्यावर टाकलं. तिथे मी गंजत पडले. कुणी विचारलं नाही, मीही हाक मारली नाही.

एक दिवस आईने मला खाली ओढलं. घरातली मुलगी मैदानावर चक्कर येऊन पडली होती. पंधरा वर्षांची पोर. पळण्यात चपळ, म्हणून सगळे तिला खारू म्हणतात. आता ती जिना चढतानाही मध्येच बसायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. अंगात लोह कमी. गोळ्या दिल्या. पालेभाज्या, कडधान्यं खा, लोखंडात शिजवा म्हणाल्या. रक्त वाढेपर्यंत शर्यत बंद.

आईने माझा गंज घासला, तेल चोळलं. मनात म्हटलं, आता बघाच.

पण आईला धीर कुठला? जास्त वेळ ठेवलं की जास्त लोह उतरेल, हा तिचा हिशेब. रात्रीची भाजी सकाळपर्यंत माझ्यातच. टोमॅटोसुद्धा. सगळं काळंठिक्कर, चव खिळा चघळल्यासारखी.

"आई, हे डांबर आहे," खारू म्हणाली. "डबा उघडला की वर्गात विचारतात, रस्ता करायला निघालीस का?"

"नाक मुरडू नकोस. गिळ."

चार घास आणि गोळी गिळली की बाबा चहाचा कप पुढे सरकवायचे. "घे, तोंडातली ही चव जाईल."

पुढच्या तपासणीत रक्त जागचं हललं नव्हतं. खारूने पळायचे बूट पिशवीत बांधून टाकले. जेवायला हाक मारली की म्हणे, भूक नाही. मी खुंटीवर तळमळत होते. खाली जाळ नसताना तापल्यासारखं व्हायचं.

आई पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. आली ती कपाळाला हात लावूनच.

"भाजी शिजली की लगेच काढायची. वर लिंबू पिळायचं. आणि जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही."

"म्हणजे चूक माझी?" बाबा.

"दोघांची. मी डांबर करत होते आणि तुम्ही ते धुऊन काढत होतात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गोळ्या मात्र चालूच. कढई म्हणजे औषध नव्हे."

मला लागलं ते. पण खरं होतं.

"आता मीच करते," खारू म्हणाली. तिने भाजी चिरली, परतली आणि हिरवी असतानाच काचेच्या भांड्यात काढली. तेव्हापासून बाबा चहा घेऊन गॅलरीत जातात, चोरासारखे.

आज पुन्हा रक्त तपासलं. निकाल आणायला खारू एकटीच गेली आहे. आई फोन उचलते, ठेवते. पुसलेला ओटा पुन्हा पुसते. मलाही चैन नाही.

माझं मागणं थोडं आहे. मला कोरडी पुसा, तेलाचा हात फिरवा. पोरांवर चिडून रांधू नका. आणि शिजलं की काढा.

जिन्यात पावलं वाजतायत. मध्ये कुठे थांबली नाहीत.

"आई, जाम भूक लागलीय."

निकाल विचारायचं आई विसरली. तिने मला खुंटीवरून काढलं.