चौथ्या होलचा आगेवाला

आमच्या गोल्फ कोर्सवर अठरा होल आहेत आणि नवा भेटणारा प्रत्येक जण तुमचा आवडता कोणता, हे विचारतोच. सहा वर्षं मी एका दमात उत्तर देत आलो, चौथा. समोरच्याने कारण विचारलं नाही तरी मी ते ऐकवायचोच.

चौथा होल छोटा आहे. एका फटक्यात हिरवळ गाठता येते, पण मध्ये टेकाड आहे. जिथून मारायचं तिथून भोक दिसत नाही आणि झेंडाही दिसत नाही. म्हणून टेकाडावर एक माणूस उभा करतात. त्याला आगेवाला म्हणायचं. चेंडू झाडीत गेला की तो लाल फडकं हलवतो, हिरवळीवर पडला की एक हात वर करतो. आपण त्याच्यावर विश्वास ठेवून चालू लागायचं.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मी तिथून चेंडू मारला, आणि आगेवाला हिरामण दोन्ही हात वर करून उड्या मारायला लागला. होल इन वन! पहिल्याच फटक्यात चेंडू थेट भोकात. उभं आयुष्य खेळणाऱ्यांच्याही नशिबी हे नसतं, आणि मी तर पन्नाशीनंतर काठी हातात धरलेली. क्लबच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव लागलं. सुगत सिताराम, असं वडिलांच्या नावासकट मी हट्टाने लावून घेतलं.

हट्ट का, तेही सांगतो. माझे वडील तुर्भ्याला एका केमिकल कंपनीत ड्रम धुवायचे. त्यांच्या हातांची सालपटं निघायची. मी शिकलो आणि बेलापूरच्या एका ऑफिसात जमिनीच्या फायली बघणारा अधिकारी झालो. क्लबात सगळे माझ्याशी गोड बोलायचे, पण माझं नाव-आडनाव ऐकून मनात काय ते ताडायचे आणि चहाला दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचे. पाटीवर नाव लागल्यावर माझ्यासाठी खुर्च्या सरकायला लागल्या. मला ते आवडलं. फार आवडलं.

ऑफिसात मला थर्माससाहेब म्हणायचे. घरून चहा आणायचो, कारण कुणाचा कपभर चहासुद्धा मी कधी घेतला नाही. तीस वर्षं. दिवाळीची मिठाई जशीच्या तशी परत पाठवायचो, वर पोचपावती मागायचो. लोक मागे हसायचे आणि मला त्या हसण्याचाही गर्व होता.

तेव्हा माझ्याकडे बांधकामवाल्या रावसाहेबांची एक फाइल अडली होती. खाडीकाठचा प्लॉट. नकाशात तो मोकळा होता, प्रत्यक्षात तिथे गावातल्या बायका मासळी वाळवायच्या. मी जागेवर जाऊन पाहिलं होतं आणि फायलीवर हरकत लिहिली होती. रावसाहेब दर रविवारी माझ्याबरोबर खेळायचे, पण फायलीचं नाव कधी काढायचे नाहीत. माणूस सभ्य आहे, असं मी बायकोला सांगायचो.

होल इन वन झाल्यावर सगळ्यात आधी मिठी मारली ती रावसाहेबांनी. त्या क्लबात मला कुणी मिठी मारायची ती पहिलीच वेळ. रिवाजाप्रमाणे सगळ्यांना पार्टी मला द्यायची होती. रावसाहेब बिल भरायला धावले, मी त्यांना हात लावू दिला नाही. पंधरा दिवसांनी चालता चालता ते म्हणाले, "त्या बायकांना आपण शेजारीच जागा देऊ ना साहेब, माझा शब्द." मला त्यांचा शब्द पटला. मित्राचा शब्द होता तो. सोमवारी मी हरकत मागे घेतली आणि सही केली. थर्मास टेबलावरच होता.

मग रिटायर झालो. गेल्या महिन्यात एका पाहुण्याला घेऊन चौथ्या होलवर गेलो आणि नेहमीची कथा लावली. टेकाडावर पोचेपर्यंत ती संपली नव्हती. पाहुणा आपला चेंडू शोधायला उतरला, तेव्हा हिरामण माझ्याजवळ आला.

"सायेब, ती गोष्ट आता बस करा," तो म्हणाला. "बॉल भोकान नव्हता गेला. हातभर लांब व्हता. मीनी टाकला."

मी हसलो. तो हसला नाही.

"रावसाहेब बोलले व्हते. सायबाचा बॉल जवल आला का भोकान घालाचा. चार म्हयने वाट बघत व्हतो मी, तुमचा बॉल काय जवल येयना."

"का पण?"

"माझे पोरीला, प्रियाला नोकरी देतो बोलले."

"दिली?"

"दिली ना. त्याच प्लॉटवर हाय, फ्लॅट विकाचे हापिसान. आन तिची आय बाहेर रस्त्यावर बोंबील सुकवते. तवा मना काय ठावं, तुमच्याकडं कंची फाइल हाय ती? प्लॉटला चारी बाजून पत्रे ठोकले तवा समजला." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "मी तरी पोरीसाठी केला. तुमाला त्यांनी दिला काय? भोक?"

पाहुण्याने खालून हाक मारली, आणि मी उतरलो. चेंडू कसा मारला ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर गेलो. चारी बाजूंनी निळे पत्रे ठोकले होते. शेजारी द्यायची ती जागा म्हणजे गटाराच्या कडेची दोन हातांची पट्टी, तीही ट्रक वळायला ठेवलेली. हिरामणची बायको सखू रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर बोंबील पसरून बसली होती. मला गिऱ्हाईक समजून म्हणाली, "घ्या ना सायेब, धूल झटकून देते." मी घेतले नाहीत. तिच्याकडून काही घ्यायचंही तोंड राहिलं नव्हतं.

घरी येऊन क्लबच्या सेक्रेटरीला पत्र लिहायला बसलो. पाटीवरून माझं नाव काढावं, एवढी एक ओळ झाली. पुढे कारण लिहायचं होतं. चेंडू टाकला असं लिहिलं तर कुणी आणि कशासाठी, हे विचारणार. मग फाइल निघणार, माझी सही निघणार. हिरामणची नोकरी जाईल, प्रियाची जाईल, हा विचारही मनात आला. मला तो फार लवकर सुचला आणि त्याने फार बरं वाटलं. पत्र फाडलं. तीस वर्षं लोकांच्या मिठाईचे डबे परत करणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव परत करता आलं नाही.

तीन रविवार गेलोच नाही. चौथ्या रविवारी गेलो, कारण घरात बसून लाज कमी होत नाही, एवढं कळलं होतं. रावसाहेबांना सगळं तोंडावर सुनवायचं, असं ठरवून गेलो होतो. ते पाटीखालच्या टेबलावरच बसले होते. शेजारी चाळिशीचा एक तरुण, अंगावर नवाकोरा टी-शर्ट.

"या, या! हे हरेशसाहेब," रावसाहेब म्हणाले. "तुमच्याच खुर्चीवर आलेत. अगदी तुमच्यासारखे आहेत बघा, चहासुद्धा घेत नाहीत कुणाचा."

हरेशसाहेब लाजून हसले. त्यांच्या पायाशी पाण्याची स्वतःची बाटली होती. त्यांनी मान वर करून पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत खरा आदर होता.

"हे तुम्हीच ना सर? मी नुकताच शिकतोय. मला कोणता होल जमेल, काय वाटतं?"

रावसाहेब माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत ना धमकी, ना विनंती. त्यांनी फक्त शेजारची खुर्ची माझ्यासाठी मागे ओढली. बोलायचं होतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी खुर्चीवर बसलो.

"चौथा," मी म्हणालो.

रावसाहेबांनी चहा मागवला. हरेशसाहेबांनी नको म्हटलं. मी घेतला.