फक्त डावा

लॅपटॉपवरच्या फुटबॉल गेममध्ये दर वर्षी क्लबला नवी पोरं मिळतात. खरी नसतात, कॉम्प्युटर बनवतो. नाव, वय, चेहरा, सगळं आपोआप. माझा क्लब म्हणजे दिल्लीतला एक फालतू क्लब, खालच्या डिव्हिजनमधला. शाळा सोडल्यापासून मी तोच चालवतो.

या वेळच्या पोरांत एक नचिकेत आला. वय सोळा. पोझिशन लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर. पाय: फक्त डावा.

माझ्या दादाचं नाव नचिकेत. डेंग्यूने गेला तेव्हा सोळाचाच होता. इथे दिल्लीतच, आर. के. पुरमच्या ग्राउंडवर लेफ्ट बॅक खेळायचा. उजव्या पायाने त्याला धड पासही देता यायचा नाही. जेवायचा पण डाव्या हाताने.

गेममधल्याचं आडनाव वेगळं होतं, साउथचं काहीतरी. चेहरा तर बिल्कुल वेगळा. तरी मी लॅपटॉप बंद केला आणि खाली जाऊन कुणाच्या तरी स्कूटरला लाथ घातली.

दुसऱ्या दिवशी मॅच चालू असताना आईने मागून येऊन नाव वाचलं. हाताला कणीक तशीच.

"यातला आपला कुठला?"

"आई, आपला काय? स्क्रीनवरचे ठिपके आहेत ते."

"अच्छा. पण कुठला?"

मी बोट ठेवलं. पुढची अख्खी मॅच ती तिथेच उभी. पोळ्या राहिल्या.

मग माझ्या राइट बॅकचा गुडघा गेला. डावीकडे आता कॅप्टन परत आला होता, त्याला हलवणं शक्यच नव्हतं. म्हणून मी नचिकेतला उजवीकडे टाकला, वर उजव्या पायाची जादा प्रॅक्टिस लावली. सगळेच करतात यार. दोन्ही पाय चालले की प्लेअर महाग होतो.

काही आठवड्यांनी मेसेज आला: नचिकेत प्रॅक्टिसवर नाराज आहे. असंच चालू राहिलं तर तो क्लबमध्ये राहणार नाही.

कॉम्प्युटर सगळ्यांसाठी हेच वाक्य लिहितो, फक्त नाव बदलतो. मला माहितीये. पण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

मंडळाच्या गणपतीत दादाने तीर्थ घ्यायला डावा हात पुढे केला होता. बाबांनी सगळ्यांसमोर त्या हातावर फटका मारला. तीर्थ सतरंजीवर सांडलं. "उजवा!" दादा एवढंच म्हणाला, "असंच करणार असाल तर मी राहणार नाही." पुढच्या गणपतीला तो नव्हताच.

मेसेज आला तो रविवार होता. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"काय झालं? असा काय बसलायस?"

"काही नाही. नचिकेत नाराज आहे. उजव्या पायाची प्रॅक्टिस नको म्हणतोय."

"त्याला कुणी सांगितली उजव्याची प्रॅक्टिस?"

"मी. तुमच्याकडूनच शिकलो."

"हेरंब!" आई किचनमधून ओरडली.

मला वाटलं, आता एक पडणार. बाबा उठले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काढ ते. डावीकडे खेळव त्याला."

"मॅच हरू मग."

"हरू दे. कुठे दाबायचं, दाखव."

मी दाखवलं. त्यांनी स्वतः दाबलं, दोनदा, पहिल्यांदा लागलंच नाही म्हणून. मॅच हरलो. कॅप्टनला बसवून नचिकेतला डावीकडे खेळवलं होतं, तरी मेसेज गेला नाही. गेममध्ये राग असा लगेच उतरत नाही.

तेव्हापासून बाबा ऑफिसमधून आले, की हेल्मेट हातात असतानाच विचारायचे, "अजून नाराज आहे?"

"आहे."

"हं." मग जाऊन हातपाय धुवायचे.

काल सकाळी तो मेसेज नव्हता. त्याच्या जागी हिरव्या अक्षरांत: नचिकेत खूश आहे, त्याला इथेच राहायचं आहे. मी ते कितीदा वाचलं कुणास ठाऊक. आईलाही बोलावलं नाही.

संध्याकाळी बाबा आले. आईने गॅस बारीक केला, तिलाही ऐकायचं असतं.

"अजून नाराज आहे?"

मी स्क्रीन अर्धी खाली केली.

"आहे."

बाबा हातपाय धुवायला गेले नाहीत. बूट न काढता सोफ्याच्या कडेवर टेकले, हेल्मेट मांडीवर. लॅपटॉपकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"मग विचार ना त्याला," ते म्हणाले, "मी काय करू."