तिसरं माणूस

शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षं काढल्यावर माणूस भांडखोर होतो, असं माझी ताई म्हणते. भांडखोर मी आधीपासूनच होते. कचेरीनं फक्त बसायला खुर्ची दिली.

आमचा कोश इंग्रजी-मराठी. मार्चमध्ये माझ्या टेबलावर एक जोडी आली: ‘एन्व्ही’ आणि ‘जेलसी’. वर संपादकांची चिठ्ठी, ‘लोक गल्लत करतात. फरक स्पष्ट करा.’ करणारच की गल्लत! आपण दोन्हीला ‘जळणं’ म्हणून मोकळे होतो. पण फरक आहे, आणि तो मी झकास पकडला. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून पोटात दुखतं, ती एन्व्ही, हेवा म्हणा. आपलं जे आहे ते कुणीतरी पळवेल या धास्तीनं जीव खालीवर होतो, ती जेलसी. हेव्याला दोन माणसं पुरतात, जेलसीला तिसरं लागतं. कधी कुणाचं कौतुक न करणाऱ्या संपादकांनी समासात ‘छान’ लिहिलं. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

आमच्याकडे एक नियम मात्र भारी जाचक. उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही. कुणीतरी खरोखर बोललेलं, आपण स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड, त्याच्या तळाशी बोलणाऱ्याचा धंदा किंवा नातं, आणि तारीख. त्यामुळे आम्ही सगळे जवळ वही बाळगतो आणि रांगेत, दवाखान्यात, लग्नात लोकांची वाक्यं टिपतो. जेलसीचं वाक्य कोपऱ्यावरच्या शिंप्यानं दिलं: ‘माझं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात माप देताना दिसलं की माझी कात्री वाकडी चालते.’ सोन्यासारखं वाक्य. हेव्याचं मला घरातच मिळालं.

माझी लेक दुसऱ्या शहरात असते. तिचे दिवस भरत आले होते. तिथल्या प्रसूतिगृहात आत एकाच माणसाला सोडतात, आणि जावयाची बोट तेव्हा समुद्रात असणार होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "आई, तू येशील ना माझ्याजवळ?" मला आभाळ ठेंगणं झालं. लेक लहान असताना मी नोकरी, परीक्षा, कचेरी यांतच बुडालेली. तिच्या वेण्या, गोवर, गणिताचे पाढे, सगळं ताईनं केलं. ताईला मूल नाही. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच. पडल्यावर माझी लेक ‘आई गं’ म्हणत नसे, ‘मावशी’ म्हणे. हसून घालवायचे मी. आत काय व्हायचं ते माझं मला ठाऊक.

तर फोन ठेवून मी नाचतच स्वयंपाकघरात गेले. ताई शेगडी पुसत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तुझं काय बाई, तुला लेक आहे." आणि पुन्हा शेगडी पुसायला लागली. मी वही काढली आणि लिहून टाकलं. बोलणारी: मोठी बहीण.

आता दुसरा नियम. कार्डं छापायला जाण्याआधी इंग्रजी न येणाऱ्या, कचेरीबाहेरच्या माणसानं ती वाचायची. मराठी नीट कळलं तर पेन्सिलीनं बरोबरची खूण, नाही तर फुली. माझी कार्डं दहा वर्षं ताई वाचते. घरातल्या माणसाचं वाक्य असलं की ते कार्ड आम्ही बाजूला काढतो आणि दुसऱ्याच्या वाचकाकडे देतो. त्या शनिवारी मी ते काढायला विसरले.

रविवारी दुपारी ताईनं गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. ते कार्ड सगळ्यात वर होतं. त्यावर बरोबरची खूण होती.

"नीट कळतंय," ती म्हणाली. "अर्थ वाचला, खालचं वाक्य वाचलं. कुठे अडलं नाही."

"ताई, अगं, ते फक्त उदाहरण..."

"हो ना, खोटं कुठे लिहिलंयस? मी बोलले होते." चष्मा डबीत ठेवत ती म्हणाली, "मी जरा दादाकडे जाऊन येते."

दादा म्हणजे आमचा थोरला भाऊ. ती खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाईट वाटायला हवं होतं, आला राग. वाक्य तिचंच ना? मग एवढं नाकाला काय झोंबायचं? कुणीतरी माझी बाजू घ्यावी म्हणून मी लेकीला फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं.

"आई, मी आधी मावशीलाच विचारलं होतं."

"काय?"

"महिना झाला. ती नाही म्हणाली. म्हणाली, आईला विचार, तिला फार बरं वाटेल. आणि मी सांगितलंय हे कळू देऊ नकोस. म्हणून तुला फोन केला."

मी खाली बसले. ताईला माझं काही नको होतं. हातात आलेलं तिनंच उचलून मला दिलं होतं. इतकी वर्षं कुणीतरी आपलं पळवेल म्हणून धास्तावलेली बाई त्या घरात एकच होती, आणि तीच व्याख्या लिहीत होती. लाज वाटली. इतकी, की उठवेना.

तरी उठले. ताई साड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, तू जा तिच्याकडे. मी नाही जात. ती तुलाच बोलावत होती."

"सांगितलं होय कार्टीनं?" तिचा हात थांबला नाही. "आता नको, छोटे. मी आत तिचा हात धरून बसेन आणि तू बाहेर वही घेऊन काय लिहीत असशील, तेच माझ्या डोक्यात राहील. कळा तिला येणार, लक्ष तिच्याकडे हवं. तू जा."

मी रडले, हातापाया पडले. तिनं माझे डोळे पदरानं पुसले, पण बॅग बंद केली. त्याच संध्याकाळी दादा तिला घेऊन गेला.

गुरुवारी मी लेकीच्या जिन्यावर धापा टाकत उभी होते. मावशी येणार नाही, हे मी तिला फोनवर दोनदा सांगितलं होतं. तिनं दार उघडलं आणि आधी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.