वरचे दहा

सासूबाईंचा दवाखाना आमच्याच घराच्या तळमजल्यावर आहे. पुढे दोन बाकं, मग निळा पडदा आणि पडद्यामागे त्यांचं टेबल. टेबलावर डाव्या हाताला एक लाकडी पेटी असते. झाकण उघडून उभं केलं की आत काचेची नळी, नळीत पारा आणि शेजारी आकडे. रक्तदाब मोजायचं हे यंत्र त्यांनी दवाखाना सुरू केला त्या आठवड्यात घेतलं. त्याला हात लावायची परवानगी माझ्या नवऱ्याला लहानपणी नव्हती. तो आता एक्केचाळीस वर्षांचा आहे, शाळेत गणित शिकवतो आणि परवानगी अजून मिळालेली नाही.

मीही डॉक्टर आहे. लोक सासूबाईंना मोठ्या बाई म्हणतात आणि मला धाकट्या बाई. दवाखान्यात बसायला लागले तेव्हा मी बॅटरीवर चालणारं नवीन यंत्र आणलं होतं. बटण दाबलं की पट्टा आपोआप फुगतो आणि आकडा समोर येतो. सासूबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं, "छान आहे" म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिलं.

लोकांनाही ते नको होतं. बेकरीवाल्या मावशींनी एकदाच लावून घेतलं. "हे आपलं घूं करतं आणि काहीतरी सांगतं," त्या म्हणाल्या. "त्या पाऱ्यात कसं, आपल्या डोळ्यांदेखत खाली येतं."

खरंच, त्या यंत्रासमोर माणसं श्वास रोखून बसत. सासूबाई रबरी फुगा दाबत, पारा चढे, मग हळूहळू उतरे, आणि तो कुठे अडखळतो ते सगळे टक लावून बघत. तळाचे आकडे पुसून पुसून नाहीसे झाले होते. पारा कुठून निघतो याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, तो कुठे थांबतो तेवढ्याशी होतं.

पेटी रोज सकाळी पुसून टेबलावर मांडायचं काम कंपाउंडरकाकांचं. काका या दवाखान्यात तीस वर्षं आहेत. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली तर ती एका रेषेत, आणि माणूस बाकावर बसला तर तोही एका रेषेत, असं त्यांचं काम. बोलणं कमी. चूक कुणाचीही झाली तरी चेहरा त्यांचा पडायचा.

गेल्या वर्षी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. विश्रांतीसाठी त्या तीन आठवडे माझ्या नणंदेकडे, दुसऱ्या गावी गेल्या. जाताना त्यांनी मला किल्ल्या दिल्या, कुणाला कुठलं औषध सोसत नाही ते सांगितलं, पंखा दोनवर ठेवायला सांगितला. बाकी सगळं कार्डांवर आहे म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी कपाटातलं यंत्र काढलं. बेकरीवाल्या मावशींनी दंड पदराखाली झाकला आणि मोठ्या बाई येईपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यांच्यामागचे इंजिनड्रायव्हर आजोबाही थांबतो म्हणाले. आजोबा निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजून रोज चावी द्यायचं घड्याळ वापरतात आणि तारखेला वेळेवर हजर असतात. मी नवीन यंत्र परत ठेवलं आणि पेटी उघडली.

मावशींचा रक्तदाब चांगला निघाला. मागच्या वेळी कार्डावर दीडशे होता, आता एकशे चाळीस. आजोबांचाही उतरला होता. दुपारपर्यंत सात जणांचा उतरला. मी प्रत्येकाला मीठ कमी करा, चालायला जा असं सांगत होतेच. दुसऱ्या आठवड्यात जे आले तेही मागच्यापेक्षा बरे निघाले. तीन आठवड्यांत मी अख्खा रस्ता बरा केला. चार जणांच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. लोकही खूश होते. धाकट्या बाईंच्या हाताला गुण आहे, असं बाकावर बोललं जात होतं आणि मला ते पडद्याआड ऐकू येत होतं.

एके दिवशी जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं.

"सगळ्यांचा उतरला?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांचा."

"कितीनं?"

"दहानं. साधारण सगळ्यांचा दहानंच."

त्यानं घास चावून संपवला. "छान," म्हणाला, आणि भाजी वाढून घेतली. गणिताच्या माणसाकडून मला याहून जास्त अपेक्षा होती, पण हे मला नंतर सुचलं.

माझ्या मनातही शंका आली नाही असं नाही. एकदा मी दोन्ही यंत्रं स्वतःच्या दंडाला लावून बघितली. नवीन यंत्र दहानं जास्त दाखवत होतं. मी ते दुरुस्तीला कंपनीकडे पाठवून दिलं. आठ दिवसांनी ते पत्रासह परत आलं. यंत्रात कोणताही दोष आढळला नाही, असं पत्रात लिहिलं होतं. कंपन्या असंच लिहितात, असं म्हणून मी पत्र खणात टाकलं.

सासूबाई परतल्या त्या संध्याकाळी मी कार्डांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नवा चष्मा लावला, पहिलं कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. "तुझं अक्षर बरं आहे की," म्हणाल्या. "मला ते इतके दिवस वाईट वाटायचं." मग दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. पाचव्या कार्डाला त्या थांबल्या.

"दहा मिळवलेस ना?"

"कशात?"

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. चष्मा काढून त्यावर ठेवला.

"यंत्र दहा कमी दाखवतं," त्या म्हणाल्या. "थोडा पारा गेलाय त्यातला. वरचे दहा आपण मिळवायचे."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

मी म्हटलं, "आई, तुम्ही मला पंखा दोनवर ठेवायला सांगितलात."

"विसरले गं. आता मिळवावे लागतच नाहीत, आपोआप मिळतात. बघते तोवर मिळालेले असतात." त्यांनी कपाळ चोळलं. "किती जणांच्या गोळ्या कमी केल्यास?"

"चौघांच्या."

"उद्या सकाळी चौघांना बोलाव."

अकरा वर्षं यंत्र दुरुस्त का केलं नाही, हे मी विचारणारच होते. त्यांनी आधी उठून दवाखान्यात डोकावून काका घरी गेल्याची खात्री केली आणि मग सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी काकांच्या हातून पेटी पडली होती. पारा सगळीकडे पळाला. त्याला हात लावू देणं बरं नाही म्हणून सासूबाईंनी काकांना खोलीबाहेर काढलं आणि सापडला तेवढा पारा कागदाच्या कडेनं गोळा करून स्वतःच परत भरला. काका बाहेर बाकावर बसून होते. त्यांनी दिवसभर अन्नाला हात लावला नाही. संध्याकाळी ते हळूच विचारायला आले, यंत्राला काही झालं का.

"मी म्हटलं, काही झालं नाही. अगदी होतं तसं आहे. मग दुरुस्तीला कसं पाठवणार? त्यांना कळलंच असतं. आणि दहा काही फार नव्हते."

"मग आता लोकांना काय सांगायचं?"

"ते तू ठरव," सासूबाई म्हणाल्या. "यंत्र माझं आहे, पण गोळ्या तुझ्या सहीनं कमी झाल्यात."

त्या संध्याकाळी मला त्यांचा राग आला होता, हे सांगितलं पाहिजे. इतक्या लोकांच्या रक्तदाबावर त्यांनी एका माणसाचं मन सांभाळलं होतं, आणि तो हिशेब फक्त त्यांच्या डोक्यात होता. त्यांना रस्त्यात काही झालं असतं तर तो त्यांच्याबरोबरच गेला असता. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "खरं आहे" म्हणाल्या. त्यानंतर भांडण पुढे नेता येईना.

सकाळी चौघं आले. काकांनी त्यांना बाकावर एका रेषेत बसवलं आणि पेटी पुसायला घेतली. मी पडदा सारून बाहेर आले. रात्री वाक्य ठरवलं होतं, त्यात यंत्राचं नाव होतं. पण काका पेटीच्या पितळी कडीत फडक्याचं टोक घालून ती पुसत होते, फार सावकाश, आणि मला ते वाक्य बोलता आलं नाही.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "मला पारा नीट वाचता येत नाही. मी दहा कमी वाचत होते. तुमच्या गोळ्या आजपासून पूर्वीसारख्या."

इंजिनड्रायव्हर आजोबा म्हणाले, "कॉलेजात शिकवत नाहीत का?"

"शिकवतात," मी म्हटलं. "मी त्या दिवशी गेले नव्हते."

चौघांचं काही बिघडलेलं नव्हतं. आजोबांची तर मी कमी केलेली गोळी कमी झालीच नव्हती. मोठ्या बाईंनी लिहिलंय तेच घेतो, म्हणाले. पण दुपारपर्यंत बातमी बेकरीत पोचली, आणि बेकरीत पोचली म्हणजे सगळीकडे पोचली. आठवडाभर माझ्याकडे फक्त खोकल्याचे लोक आले.

पुढच्या महिन्यात काका भाचीच्या लग्नाला दोन दिवस रजेवर गेले. त्याच सकाळी मी आणि सासूबाई पेटी घेऊन एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची अरुंद जागा. आत तराजू, वजनं आणि हवेचा दाब सांगणारी जुनी तबकडी. त्यानं आम्हाला बाहेरच उभं केलं, हातमोजे घातले, पारा गाळला, भरला, तळाचे आकडे नव्यानं रंगवले. "अशी काच आता मिळत नाही," म्हणाला. "विकायचं असेल तर आधी मला सांगा." सासूबाईंनी पेटी उचलून छातीशी धरली.

यंत्र आता बरोबर दाखवतं. त्यामुळे सगळ्यांचे आकडे दहानं वाढलेले दिसू लागले. औषधं तीच, तब्येत तीच, पण पारा डोळ्यांदेखत वर थांबायला लागला. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, इतकी वर्षं चांगलं चाललं होतं, धाकट्या बाईंनी हात लावला आणि बिघडलं. सासूबाईही पहिले काही दिवस सवयीनं दहा मिळवून लिहीत होत्या. मी मागून खोडत होते.

रजेवरून आल्यावर काकांनी पेटी उघडली, रंगवलेल्या आकड्यांकडे जरा वेळ बघितलं. मग बाकं रिकामी होती तोवर मला हाक मारली.

"बाई, या इकडे. बसा."

त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून घेतला आणि दुसऱ्या हातानं फुगा दाबला.

"पाऱ्याकडे वरून बघायचं नाही. डोळा त्याच्या बरोबरीला आणायचा. वाका जरा. आणखी. आणि घाई करायची नाही, तो सांगतो कुठे थांबायचं ते."

मी वाकले, बघितलं, आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फुगा दाबला. पडद्यामागे सासूबाईंची खुर्ची करकरली, पण त्या बाहेर आल्या नाहीत. असा आमचा वर्ग पंधरा दिवस रोज सकाळी दहा मिनिटं चालला. सोळाव्या दिवशी बेकरीवाल्या मावशी बाकावर बसून मोठ्या बाईंची वाट बघत होत्या. काकांनी त्यांना उठवून माझ्यासमोर आणून बसवलं.

"दाखवा यांना," ते मावशींना म्हणाले. "आता येतं त्यांना."

मावशींनी काकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदर बाजूला करून दंड पुढे केला.