संग्रामकाकांच्या हातातलं विमान

या, असे जवळ सरकून बसा, सतरंजीवर जागा आहे. आज पुराणातली नाही, आपल्याच ग्वाल्हेरच्या आकाशातली गोष्ट सांगतो.

मुरारचे संग्रामसिंह वीस वर्षांपासून वैमानिक. गेल्या पौषात, दिवेलागणीला, ते इंदूरहून छोटं विमान घेऊन येत होते. शेजारी सहवैमानिक शिखा, त्यांच्याच गल्लीतली. घरी त्यांना काका म्हणणारी, दसऱ्याला पाया पडणारी. मागे काकांच्या आई मंदाताई, जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेल्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कीर्तन सप्ताह चालू होता. काकांना वाटलं, आईला मांडवाचे दिवे वरून दाखवावेत. मातृभक्तीच ती, पण तिच्यापायी त्यांनी ठरलेली वाट सोडली आणि धुक्यात विमान जरा खाली आणलं.

तेवढ्यात धोक्याचा इशारा देणारं यंत्र बोललं, "टेरेन, टेरेन," म्हणजे पुढे जमीन आहे. पडद्यावर पिवळा पट्टा उमटला. या यंत्राच्या पोटात डोंगर, मनोरे, सगळ्यांच्या उंचीचा नकाशा असतो. आपण कुठे आहोत हे उपग्रहाकडून कळतं, आणि याच वाटेने गेलो तर काय आडवं येईल ते यंत्र आधीच ताडतं. बुवा रंगात येऊन ताल चुकले की मागचा झांजकरी ठेका ठणकावतो ना, अगदी तसं.

शिखाने उंची कमी असल्याचं सांगितलं. काका हसले. म्हणाले, किल्ल्याची टेकडी हे यंत्र मला शिकवणार? तिथे पतंग उडवत मोठा झालोय. एक मिनट, बेटा, आत्ता मांडव दिसेल.

पट्टा लाल झाला. "पुल अप. पुल अप."

लाल झालं की वाद नाही. इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, पंख सरळ, नाक वर, बोलणं नंतर. वरिष्ठ दोनदा सांगून ऐकत नसेल, तर दुसऱ्याने विमान आपल्या हाती घ्यायचं. वर्गात हा नियम पाठ होतो. पण आपल्याकडे काकांना उलट बोलणाऱ्या पोरीला काय म्हणतात, ते तुम्ही जाणता.

शिखा एकदा म्हणाली, वर घ्या. पुन्हा म्हणाली. काका समोरच्या धुक्यात दिवे शोधत होते.

"काका, माफ करना," ती म्हणाली, "विमान आता माझ्या हातात."

आणि काकांनी, देव त्यांचं भलं करो, हात काढले. इंजिनं गरजली, नाक उचललं. धुक्याच्या फटीतून काळा कडा पोटाखालून सरकला, तो तिघांनीही पाहिला. मंदाताईंनी काय झालं विचारलं.

"चूक माझी झाली, आई. पोरीनं सावरलं."

उतरल्यावर शिखा पाया पडायला वाकली. काकांनी तिला धरलं, आज नको म्हणाले, आणि चहाच्या आधी स्वतःविरुद्ध अहवाल लिहून दिला. दोन महिने विमान न उडवता जमिनीवर राहून त्यांनी नव्याने धडे घेतले. परतल्यावर शेजारच्या खुर्चीत शिखाच हवी, असं मागून घेतलं.

विमानात बसाल तेव्हा देवाचं नाव घ्याच. त्याच श्वासात आमच्या शिखाचीही आठवण काढा.