हळद लाल झाली त्याची गोष्ट

शिरोळच्या देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. परगावाहून आलेल्या नाथबाबांनी पोरींच्या तळव्यांना हळद फासली, कमंडलूतलं पाणी शिंपडलं, आणि एकट्या सुंदराचा हात लालभडक झाला.

"देवीआईनं हिला मागितली! आता ही मठाची लेक!" बाबा गरजले. बायका सुंदराच्या पाया पडू लागल्या.

तिची विधवा आई बयाबाई मात्र थिजली. स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी थोरल्या हौसाचा हात असाच लाल झाला होता. बयाबाईचा सख्खा भाऊ ज्ञानू तिला मठात पोचवायला घेऊन गेला, त्यानंतर पोरीची खबरबात नव्हती.

शाळेच्या सरोजिनीबाई पुढं झाल्या. "महाराज, मठ कुठल्या गावी?"

"देवीच्या लेकीचा ठाव विचारू नये! वंश बुडंल!"

"आईनं भेटायला यायचं?"

"देवाला दिलेलं पुन्हा बघत्यात व्हय?"

बाईंनी एका म्हातारीच्या चंचीतला चुना पाण्यात कालवला आणि स्वतःच्या हाताला हळद लावून वर ओतला. हात लाल! "आता मलाही न्या की मठात!" गर्दीत हशा पिकला. कुणीतरी शिष्याच्या झोळीतून दुसरा कमंडलू ओढून काढला. एकात साधं पाणी, दुसऱ्यात चुन्याची निवळी.

"पण बापाविना पोर कुठली, हे या परक्या माणसाला सांगितलं कुणी?" बाईंनी विचारलं.

बयाबाईनं भावाकडं बघितलं. त्यानं मनगटावरचं नवं घड्याळ बाहीखाली सारलं.

"ज्ञानू, मठ बघितलास तू?"

"न्हाय, आक्का. कोल्हापूरच्या स्टेशनावर एका बाईच्या हवाली केली."

बयाबाईनंच त्याला दंडाला धरून पोलीस चौकीत नेलं. बाबाला गावानं आणलं.

हौसा सापडली ती दूरच्या शहरात, बाहेरून कुलूप लावलेल्या घरात. तिथं पुरुष यायचे. घरी आल्यावर एकदा ती म्हणाली, "मामा म्हणाला, आईनं हो म्हटलंय. खरं व्हय?"

बयाबाईला खोटं बोलवेना. लाल हात बघून तीही पोरीच्या पाया पडली होती.

आता ती बाजारात बायकांना थांबवून सांगते, "देवाचं नाव घेऊ दे, लगनाचं घेऊ दे, न्हाय तर नोकरीचं. न्यायला सख्खा भाऊ का असंना, गाव विचारा, घर डोळ्यानं बघून या. जिथं आईनं जायचं न्हाय, तिथं लेक धाडायची न्हाय."