सहावा शब्द

वहिनीच्या कारखान्यातल्या भरतकामाच्या यंत्रांसाठी प्रोग्रामिंगची नवी भाषा लिहायची ठरली आणि आम्हा बहीणभावांचं जुनं भांडण पेटलं. भाषा लिहिताना दादा मागेल त्याला नवा शब्द देतो. त्याच्या भाषेत वेल होती, झालर होती, अर्धी झालरसुद्धा होती. माझ्या भाषेत मोजून पाच शब्द: चाल, वळ, टाका, रंग, थांब.

"ही भाषा आहे की उपासमार?" दादा म्हणाला.

"आणि तुझी? अडगळीची खोली!"

दोन्हींतली एकच यंत्रांत जाणार होती आणि निवड वहिनीची होती. दादापुढे मी लहानपणापासून हरत आलेय. या वेळी मला जिंकायचंच होतं.

आधी दादाची पाळी. वहिनीनं ‘वेल’ लिहिलं. यंत्र विचारायला लागलं: पानं किती? टोकदार की गोल? कळ्या हव्यात? उमललेल्या की मिटलेल्या?

"अहो, मी वेल काढतेय की पोलिसांत जबाब देतेय?" वहिनी वैतागली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

माझी भाषा तिला चहा निवायच्या आत आली. मी दादाकडे बघून भुवया उडवल्या. मग ती लिहायला बसली. चाल, टाका, वळ, चाल, टाका. दुपार कलली तरी वेल पुरी होईना. शेवटी यंत्र सुरू केलं, तर कुठेतरी एक ‘वळ’ राहून गेलेलं. वेल उशीच्या अभ्र्याची कड ओलांडून गेली आणि सुई मोठ्या निष्ठेनं हवेत टाके घालत राहिली.

दादा पोट धरून हसला. वहिनी हसली नाही. "तुझी भाषा सोपी आहे गं. पण अवघड तेवढं सगळं माझ्या गळ्यात पडलं."

हे मला फार लागलं, कारण खरं होतं. पसारा मी आवरला नव्हताच, तिच्या दारात नेऊन टाकला होता.

धुसफुसत मी सहावा शब्द घातला: ‘नाव’. कुठल्याही ओळींना आपलं नाव द्यायचं, पुढच्या वेळी नुसतं नाव लिहायचं.

"आता हवी तशी वेल तूच घडव. पण यापुढे एकही शब्द मिळणार नाही!"

वहिनीनं ‘पान’ घडवलं, ‘वेल’ घडवली. मग माझ्याकडे बघत तिसरं नाव लिहिलं: ‘नणंद’. खाली ओळी होत्या: चाल, टाका, वळ, वळ, चाल, टाका.

"हे काय?"

"एक पाऊल पुढे, एक मागे. जागची काही हलत नाही." दादानं टाळीसाठी हात पुढे केला. वहिनीनं तो तसाच अधांतरी ठेवला. "शेवटची गाठ आहे ती. ती नसली की सगळं उसवतं."

माझे डोळे भरून आले.

यंत्रांत आता माझी भाषा आहे. प्रत्येक नक्षीची शेवटची ओळ मी आहे, आणि ‘नवरा’ नावाचं वहिनीनं अजून काहीच घडवलेलं नाही.